ज्युनियर वकिलांसाठी मॅचेस आणि भेटीगाठी भरवायच्या तर... (उत्तर लांबलंय, चहा घेऊन बस)

तुझा प्रश्न थोडक्यात असा की प्रॅक्टिसचं दुसरं वर्ष, फोर्टात एका सिनियरच्या चेंबरला (ऑफिसात), आणि ग्रुपमधल्या चार-पाच जणांनी ज्युनियर मंडळींसाठी क्रिकेट टुर्नामेंट आणि एक "नेटवर्किंग इव्हनिंग" करायचं काम तुझ्या गळ्यात मारलंय, फुकटात. पैसे नाहीत, सिनियर सोडतील का माहीत नाही, आणि मुळात याने एखादं ब्रीफ-बिफ (म्हणजे केसचं काम) मिळतं की नुसते रविवार जातात हे तुला कळत नाहीये. मी अशी कामं बरीच वर्षं करतेय, स्वतः ज्युनियर होते तेव्हापासून, त्यामुळे अरे-तुरे करतेय ते चालवून घे.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, बाकी सगळं त्यावरच ठरतं. ब्रीफ लगेच मिळत नाही. मिळेल असं सांगून माणसं जमवू नकोस, पहिल्या कार्यक्रमानंतरच तोंड लपवत फिरावं लागेल. जे मिळतं ते वेगळं. सकाळी सव्वादहाला तू हायकोर्टाच्या जिन्यात आहेस, तुझं मॅटर (केस) बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, वरच्या नंबरला आहे, आणि त्याच वेळी दिंडोशीला चेंबरचं दुसरं मॅटर पुकारणार आहे, सरांनी काल रात्री सांगितलेलं की दोन्ही बघ. आता दिंडोशीला उभं राहून "माय लर्नेड फ्रेंड हायकोर्टात आहे, दुपारच्या सेशनला ठेवा" एवढं म्हणणारं कुणी आहे का तुझ्या फोनमध्ये? असं माणूस ज्याच्याकडे आहे त्याचं नेटवर्क आहे, आणि ज्याच्याकडे नुसतीच कार्डं आहेत त्याच्याकडे स्टेशनरी आहे. दिंडोशी, वांद्रे, कुर्ला, माझगाव, धोबीतलावचं स्मॉल कॉजेस, बीकेसीचं फॅमिली कोर्ट, एनसीएलटी (कंपनी ट्रिब्युनल), मुंबईत कोर्टं किती लांब लांब पसरलीत बघ, एकटा ज्युनियर सगळीकडे पोचूच शकत नाही. तर तुझा कार्यक्रम चांगला झाला की नाही याची परीक्षा एकच, पुढच्या सोमवारी एका कोर्टातल्या पोराने दुसऱ्या कोर्टातल्या अनोळखी पोरीला होल्डिंगसाठी (आपल्या बदली उभं राहून मॅटर सांभाळायला) बिनधास्त फोन केला का. ट्रॉफी कुणी नेली हे महिन्याभरात सगळे विसरतात.

दुसरी एक गोष्ट, जी आयोजकांच्या डोक्यात सहसा नसते. आपल्या धंद्यात ओळख ही सगळ्यांना सारखी मिळत नाही. ज्यांना चांगलं चेंबर मिळतं त्यांची ओळख आपोआप होते, सर जमशेदजी कांगांच्या एका चेंबरमधून सिरवई, पालखीवाला, नरिमन, सोराबजी असे नामांकित वकील पुढे आले हे आपण कौतुकाने सांगतो. आणि याच कोर्टात १९२३ साली बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन प्रॅक्टिसला बसले तेव्हा बॅरिस्टरला काम देणाऱ्या सॉलिसिटर मंडळींकडून त्यांना काम मिळायची मारामार होती, का ते सांगायला नको. आज चित्र तेवढं उघडं नसेल, पण घरात कुणी वकील नाही, मराठी मीडियम, कल्याणहून उभ्याने येणारा पोरगा बार रूमच्या कोपऱ्यात एकटा डबा खातो हे मी दर वर्षी बघते. तुझ्या टुर्नामेंटला तो आला नाही तर जे आधीच एकमेकांना ओळखतात तेच परत एकमेकांना टाळ्या देणार, मग कशाला एवढा खटाटोप.

आता तारीख. यातच अर्धे कार्यक्रम पडतात. सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं "मे महिन्यात सुट्टी आहे तेव्हा करू". अजिबात नको. मे मध्ये अर्धी पोरं गावाला, उरलेली व्हेकेशन कोर्टाच्या मागे, आणि दुपारचं ऊन असं की तिसऱ्या ओव्हरला कुणीतरी डोकं धरून बसतं. पावसाळ्यात उघड्या मैदानावर जाऊच नकोस, हां कांगा लीगच्या क्रिकेट मॅचेस १९४८ पासून पावसातच खेळतात पण ते खेळणारे वेगळे (आणि ते कांगा डॉक्टर होते, वरच्या चेंबरवाल्यांशी गल्लत करू नकोस, नवी पोरं हमखास करतात). डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, त्यातून नाताळची सुट्टी वगळ, आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉन ज्या रविवारी असेल तो रविवार तर नकोच, दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळपासून बंद असतात, तुझा विकेटकीपर मरीन ड्राइव्हच्या पलीकडे अडकून पडेल.

वार कुठला? हायकोर्ट शनिवारी बसत नाही म्हणून हायकोर्टवाले आयोजक डोळे झाकून शनिवार धरतात, पण खालच्या कोर्टांना फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. म्हणजे पहिल्या शनिवारी ठेवलंस तर मॅजिस्ट्रेट कोर्टातली सगळी पोरं आपोआप बाद, आणि नेमकी तीच तुला हवी आहेत. त्यामुळे दुसरा किंवा चौथा शनिवार धर. रविवार ठेवलास तर मेगाब्लॉक बघून ठेव, सेंट्रल आणि हार्बरवर साधारण अकरा ते चारच्या दरम्यान बोंब असते. मी तर ज्या टीममध्ये डोंबिवली-ठाणे-पनवेलवाली पोरं जास्त, त्यांच्या मॅचेस सकाळी सातला लावते आणि बोरिवली-विरारवाल्यांच्या नंतर, म्हणजे ज्यांना लवकर निघायचंय ते निघू शकतात. जागा शक्यतो दादर-माटुंग्याच्या आसपास बघ, वेस्टर्न-सेंट्रल दोघांनाही बरं. फोर्टातच पाहिजे असा हट्ट नको, रविवारी तिथे चहाची टपरीसुद्धा धड उघडी नसते.

वीकडे संध्याकाळी खेळाचा कार्यक्रम ठेवायचा नाही हा माझा ठाम नियम. साडेचारला कोर्ट उठतं हे खरं पण ज्युनियरचा दिवस तिथे संपत नाही, पाचनंतर चेंबरला कॉन्फरन्स, मग उद्याचा बोर्ड येणार, मग कम्पायलेशन, झेरॉक्स, पेजिनेशन. फार तर शुक्रवारी सहा ते साडेसात, दीड तास, तेही बसून खेळायचं काहीतरी. त्याबद्दल खाली लिहिते, मला स्वतःला क्रिकेटपेक्षा तेच जास्त आवडतं.

क्रिकेट आधी उरकू. ओव्हलवर समोर राजाबाई टॉवर, बाजूला हायकोर्ट, फोटो झकास येतो पण मैदानावरची पिच मिळवायची तर कुठल्यातरी क्लबला धरावं लागतं, सीझनला शनिवार-रविवार आधीच गेलेले असतात, आणि सीझन बॉलने खेळायचं तर अर्ध्या लोकांकडे किट नाही. पहिल्या वर्षी टर्फ (जाळी लावलेलं भाड्याचं छोटं मैदान) घे, बॉक्स क्रिकेट, टेनिस बॉल. हिशोब मांडून दाखवते. समज टर्फवाला तासाला दोन हजार घेतो (भाव जागेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलतो, सकाळचा स्वस्त पडतो, घासाघीस कर). सहा टीम, प्रत्येकी आठ जण, म्हणजे ४८ माणसं. पाच-पाच ओव्हरची मॅच, दोन्ही इनिंग, भांडणासकट चाळीस मिनिटं. तीन-तीन टीमचे दोन ग्रुप केलेस तर ग्रुपच्या सहा मॅच आणि एक फायनल, सात मॅच, २८० मिनिटं, पाच तास बुक कर. दहा हजार झाले. माणशी ३५० घेतलेस तर १६,८०० जमतात, उरलेल्या ६,८०० मध्ये पाणी, वडापाव-चहा, बॉल, फर्स्ट एडचा डबा आणि एक छोटी ट्रॉफी सहज बसते. ट्रॉफी आणि बॉल धोबीतलावला घे, ज्या दिवशी स्मॉल कॉजेसला तुझं मॅटर असेल त्या दिवशी येताना घेऊन ये, वेगळी चक्कर नको.

नॉकआऊट ठेवायचा नाही. सोपा वाटतो, मॅचेसही कमी, पण पहिल्याच फेरीत निम्म्या टीम चाळीस मिनिटांत घरी जातात, आणि जी पोरं बदलापूरहून दोन तास प्रवास करून आली ती पाच ओव्हर खेळून परत निघाली तर पुढच्या वर्षी येतील कशाला. वरच्या हिशोबात प्रत्येक टीमला निदान दोन मॅच मिळतात आणि मधल्या वेळात सगळे एकाच टर्फच्या जाळीबाहेर उभे असतात, खरी बोलणी तिथेच होतात.

आणि टीम! यावर तुला भांडावं लागेल. प्रत्येक जण म्हणणार आमच्या चेंबरची टीम, आमच्या कॉलेजची टीम, अमुक फर्मची टीम. नाही म्हणायचं. चिठ्ठ्या टाकायच्या. नाव नोंदवताना तीन गोष्टी विचार: कुठल्या कोर्टात जास्त असतोस, काय प्रकारचं काम करतोस, आणि क्रिकेट खरंच येतं का फक्त उत्साह आहे. मग तीन डबे घे. एकात हायकोर्टवाले, एकात खालच्या कोर्टांतले, एकात ट्रिब्युनल, फर्म, इन-हाऊस वगैरे, आणि प्रत्येक डब्यातून आळीपाळीने चिठ्ठी काढून टीम भर. ज्यांना खरंच खेळता येतं त्यांना आधी वेगळं काढून प्रत्येक टीमला दोघे दोघे वाटून दे नाहीतर एकच टीम सगळ्यांना धुऊन काढते. एका वर्षी असाच ड्रॉ सुरू होता, बार रूमच्या टेबलावर स्टीलचे डबे मांडलेले, आणि एक कमर्शियल साइडवाला पोरगा येऊन हळूच म्हणाला मॅडम मला आणि माझ्या रूममेटला एकत्र टाका ना. म्हटलं रूममेटला तू रोज बघतोस. त्याला चिठ्ठीत कुर्ला कोर्टात एनआयच्या, म्हणजे चेक बाउन्सच्या, केसेस करणारी एक मुलगी मिळाली, ओपनिंगला दोघं, तिने पहिल्या ओव्हरमध्ये त्याला रनआऊट केलं, आणि आज त्याच्या क्लायंटच्या सगळ्या चेक बाउन्सच्या तक्रारी तिच्याकडे जातात.

वकिलांची मॅच म्हणजे अंपायरची परीक्षा, हे आधीच समजून घे. एक पान नियम छाप, मराठी-इंग्लिश दोन्हीत, आणि पहिल्या ओळीत लिही की अंपायरचा निर्णय अंतिम, अपील नाही, रिव्ह्यू नाही, रिव्हिजन नाही. तरी कुणीतरी कलम काढणारच. वाइडवर नॅचरल जस्टिस आणि रनआऊटवर बेनिफिट ऑफ डाऊट मागितलेला मी या कानांनी ऐकलाय. अंपायर वकील नको, टर्फवाल्याचा माणूस घे किंवा कुणाच्या ओळखीतला क्लब क्रिकेटर, पाचशे-हजार गेले तरी चालतील. बाकी फर्स्ट एडचा डबा हाताशी, १०८ नंबर सगळ्या व्हॉलंटियर्सच्या फोनमध्ये, आणि जवळचं हॉस्पिटल कुठलं हे आदल्या दिवशी बघून ठेव. लाऊडस्पीकर शक्यतो नको. कोर्टाच्या जवळ कुठे करत असशील तर नकोच नको, ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत शांतता क्षेत्राच्या व्याख्येत कोर्ट आहे हे आपणच दुसऱ्यांना सांगतो.

मुलींचं थोडं सविस्तर सांगते कारण पुरुष आयोजक "मिक्स टीम ठेवली की झालं" म्हणतात. नाही होत. प्रत्येक टीममध्ये दोन मुली असा नियम ठेवला आणि त्यांना शेवटच्या नंबरला बॅटिंग, बाउंड्रीला फिल्डिंग दिली तर त्या पुढच्या वेळेस नाव देत नाहीत. म्हणून नियमातच लिही की निदान एक ओव्हर मुलीने टाकायची आणि पहिल्या चारात एक मुलगी बॅटिंगला. "मुलीच्या रन डबल" असले प्रकार बंद, ज्यांना खेळता येतं त्यांना ते अपमानास्पद वाटतं. टर्फ बुक करताना चेंजिंग रूम आणि टॉयलेट स्वतः जाऊन बघ, फोनवर सगळे "हो आहे ना" म्हणतात. संध्याकाळच्या कार्यक्रमाला संपायची वेळ पत्रिकेवर छाप आणि पाळ. आणि काही गैर घडलं तर कुणाशी बोलायचं, ते एका बाईचं आणि एका पुरुषाचं नाव नंबरसकट पहिल्याच मेसेजमध्ये टाक, घडल्यावर शोधत बसायचं नाही.

आता माझा लाडका कॅरम. शुक्रवारी सहा वाजता, चार बोर्ड, १६ माणसं, पाच फेऱ्या. डबल्स, प्रत्येक फेरी एकच बोर्ड किंवा पंधरा मिनिटं, जे आधी होईल ते. गंमत अशी की १६ जणांना पाच फेऱ्यांत असं बसवता येतं की प्रत्येक जण बाकीच्या पंधराही जणांबरोबर एकाच बोर्डवर बरोब्बर एकदा बसतो, कुणी सुटत नाही, कुणी रिपीट होत नाही. शेड्यूल देऊनच टाकते, येताना प्रत्येकाला दारात नंबर द्यायचा.

पहिली फेरी: १-२-३-४, ५-६-७-८, ९-१०-११-१२, १३-१४-१५-१६.
दुसरी: १-५-९-१३, २-६-१०-१४, ३-७-११-१५, ४-८-१२-१६.
तिसरी: १-६-११-१६, २-५-१२-१५, ३-८-९-१४, ४-७-१०-१३.
चौथी: १-७-१२-१४, २-८-११-१३, ३-५-१०-१६, ४-६-९-१५.
पाचवी: १-८-१०-१५, २-७-९-१६, ३-६-१२-१३, ४-५-११-१४.

प्रत्येक बोर्डवर सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा नंबर पार्टनर, उरलेले दोघे पार्टनर. पॉइंट माणसाच्या नावावर जमा, टीमच्या नाही. एखादा आला नाही तर त्या नंबरवर व्हॉलंटियर बसतो, शेड्यूल मोडायचं नाही. एकाच चेंबरची माणसं असली तरी काळजी नाही, ती एकदाच एकत्र येतात आणि संपलं. बोर्ड बार रूममध्ये असले तर मागून घे, नाहीतर कुणाच्या तरी सोसायटीच्या क्लब हाऊसमधून, बोरिक पावडर मात्र जास्तीची घे, कायम कमी पडते. कॅरमची मजा अशी की हात चालू असताना तोंड मोकळं असतं, आणि समोरच्याने राणी घेऊन कव्हर सोडलं की अनोळखी माणूससुद्धा "अरेरे" म्हणून बोलायला लागतो, "तुम्ही कुठल्या फील्डमध्ये" असं विचारत सुरुवात करावी लागत नाही. शिवाय खर्च जवळपास नाही आणि घाम नाही, कोर्टाच्या कपड्यांतच येता येतं. फक्त बँड काढून यायचं सांग, बार कौन्सिलच्या नियमात बँड-गाऊन कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालायचा नाही असं स्पष्ट आहे आणि फोटो तर निघणारच.

नुसती "नेटवर्किंग इव्हनिंग", म्हणजे हॉल, भाषण, समोसा, कार्डं, याबद्दल माझं मत फार चांगलं नाही. चाळीस मिनिटं एखादे सिनियर आपल्या जुन्या आठवणी सांगतात, ज्युनियर मागच्या रांगेत उद्याच्या बोर्डावर आपला नंबर शोधतात. ठेवायचंच असेल तर भाषण दहा मिनिटं आणि तेही कामाचं: "ॲड-इंटरिमसाठी (तातडीच्या तात्पुरत्या आदेशासाठी) मेन्शन करताना दोन वाक्यांत अर्जंसी कशी सांगायची", "ऑफिस ऑब्जेक्शन (कोर्टाच्या ऑफिसने कागदपत्रांत काढलेल्या त्रुटी) लवकर कशी काढायची", असं काहीतरी जे सोमवारी वापरता येईल. मग चार कोपऱ्यांत चार विषय, प्रॉपर्टी, फॅमिली, क्रिमिनल, कंपनी असे, आणि प्रत्येक कोपऱ्यात पाच-सात वर्षं काम केलेलं एक माणूस. सिनियर काउन्सेल नको, त्यांच्यासमोर पोरं प्रश्नच विचारत नाहीत. आणि दारात दोन व्हॉलंटियर असे ठेव ज्यांचं काम एकच, एकटा उभा असलेला माणूस शोधून त्याला कुठल्यातरी घोळक्यात नेऊन सोडायचं. सगळ्या कार्यक्रमात हे काम सगळ्यात महत्त्वाचं आणि ते कुणी करत नाही कारण सगळे व्हॉलंटियर पाहुण्यांच्या मागे पळत असतात.

पैशाबद्दल. बार असोसिएशनचं (वकील संघटनेचं) खातं वापरता आलं तर उत्तम, नाहीतर एका माणसाच्या यूपीआयवर घ्या पण हिशोबाची शीट सगळ्यांना दिसेल अशी ठेवा, पाण्याच्या बाटल्यांपर्यंत. फी कमी ठेव. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरात ज्युनियरला महिना निदान २०,००० द्यावेत असं परिपत्रक काढलं, पण ते शिफारस म्हणून, आणि प्रत्यक्षात कुणाला किती मिळतात हे तुला माझ्यापेक्षा ताजं माहीत असेल. ३५० सुद्धा काहींना जड जातात, म्हणून फॉर्ममध्ये "फी नंतर देईन" असा एक पर्याय ठेव आणि नंतर विचारायला जाऊ नकोस. ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी "दोघांची फी" असाही पर्याय ठेवला की आपोआप भागतं.

स्पॉन्सर घ्यायचा तर कायद्याची पुस्तकं विकणारे, लीगल सॉफ्टवेअरवाले, स्टेशनरीवाले, कोटवाले, यांना विचार. लॉ फर्मचं किंवा वकिलाचं नाव टी-शर्टच्या पाठीवर, "अमुक अँड असोसिएट्स करंडक" वगैरे यापासून लांब रहा, बार कौन्सिलच्या नियम ३६ मध्ये वकिलाची जाहिरात "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष" दोन्ही बंद आहे, आणि कुणी तक्रार केली तर उत्तर देत आयोजक बसतो, करंडकवाले नाही. कुणाला द्यायचेच असतील तर असोसिएशनला देणगी द्यावी, गुपचूप. ज्याचं मॅटर कोर्टात चालू आहे अशा बिल्डरचे पैसे तर दारातूनच परत. फ्लेक्स लावायचा मोह होईल, चौकात, शुभेच्छुकांच्या फोटोंसकट. बेकायदा होर्डिंगवर २०१७ मध्ये ज्या हायकोर्टाने कडक आदेश दिले त्याच्याच समोर वकिलांचा फ्लेक्स, जरा विचार कर. आणि प्रत्येक कार्यक्रमाला एखादा तरी येतोच जो वकील नसतो, "क्लायंट आणून देतो, टक्केवारी बघू" म्हणतो. त्याला चहा पाजून वाटेला लाव. दलालांची यादी करायची तरतूद २०२३ च्या दुरुस्तीने ॲडव्होकेट्स ॲक्टमध्येच आलीय, पोरांना हे एकदा सांगून टाकलेलं बरं.

जज साहेबांना बक्षीस समारंभाला बोलवायचं की नाही? बोलवायचं तर असोसिएशनच्या लेटरहेडवर, रजिस्ट्रीमार्फत, महिनाभर आधी. स्वतः ओळख काढून जायचं नाही. १९९७ साली सुप्रीम कोर्टाने न्यायाधीशांसाठी जी मूल्यं ठरवली त्यात वकील मंडळींशी, खास करून त्याच कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्यांशी, जवळीक टाळावी असं आहे, त्यामुळे ते नाही म्हणाले तर वाईट वाटून घ्यायचं नाही. माझं मत विचारशील तर पहिल्या वर्षी बोलवूच नको. ते आले की कार्यक्रम त्यांच्या वेळेवर चालतो आणि पोरं काठीसारखी उभी.

कार्यक्रम झाल्यावर त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी नाही, एक शीट ग्रुपवर टाक: नाव, बहुतेक कुठल्या कोर्टात, कसलं काम, होल्डिंग करेल का, आणि नंबर. नंबर फक्त ज्यांनी फॉर्ममध्ये हो म्हटलंय त्यांचे. ग्रुपचे नियम कडक ठेव: चालू मॅटरची चर्चा नाही, पक्षकाराचं नाव नाही, गुड मॉर्निंग नाही. "उद्या वांद्रे, कोर्ट नंबर अमुक, फक्त तारीख घ्यायचीय, कुणी आहे का" असे मेसेज यायला लागले की तुझं काम झालं. होल्डिंग करणाऱ्याला त्याच दिवशी थँक्यू आणि जाण्या-येण्याचा खर्च द्यायचा ही पद्धत पहिल्यापासून पाड नाहीतर दोन-चार चांगली पोरं सगळ्यांची फुकट कामं करत बसतात आणि मग ग्रुप सोडून जातात.

सिनियरचं राहिलं. सुट्टी मागू नकोस, मागितली की नाही ऐकायला मिळतं. सरांना किंवा मॅडमना काम दे. "सर, तुम्ही कॅरमच्या फायनलला पंच व्हाल का" म्हटलं की ते येतात, आणि ते येणार म्हटल्यावर त्यांचे तिन्ही ज्युनियर पाचला मोकळे. मोठ्या दोन-तीन चेंबरचे सिनियर असे बांधून घेतले की बाकीचे आपोआप सोडतात. तुझ्या स्वतःच्या सरांना मात्र आधी सांग, दुसऱ्याकडून कळायला नको, आणि त्या आठवड्यातलं तुझं ड्राफ्टिंग दोन दिवस आधी पुरं करून टेबलावर ठेव.

सुरुवात क्रिकेटने करू नकोस, कॅरमने कर, १६ नावं आठवड्यात जमतात. मेसेज साधा टाक, असा: "पुढच्या शुक्रवारी सहा ते साडेसात, कॅरम, सात वर्षांपर्यंत प्रॅक्टिस असलेल्यांसाठी, कुठल्याही कोर्टातले चालतील, पार्टनर आणायचा नाही, आम्ही देऊ, फी पन्नास रुपये, चहा-वडा आहे, साडेसातला नक्की संपेल." शेवटचं वाक्य काढू नकोस, निम्मी नावं त्याच्यावरच येतात. आणि मेसेज मोठ्या ग्रुपवर टाकायच्या आधी कुर्ला, दिंडोशी आणि माझगावच्या दोघा-दोघांना स्वतः फोन करून त्यांची नावं घाल, नाहीतर सोळाच्या सोळा फोर्टातले भरतील.